दुधाची चरवी आणि मुलाचे यकृत



आपल्यापैकी ज्या साठीच्या पुढे गेल्या आहेत, त्यांना ‘पोराला लिव्हर झालं’ हे शब्द चांगले आठवत असतील. वर्ष-दीड वर्षाचे चांगले बाळसेदार मूल एकाएकी किरकिरे होई. खाईनासे होई. पोट नगाऱ्यासारखे वाढे आणि हातपाय काटकुळे पडत. बरगडीखाली हात लावला तर दगडासारखे कठीण काही लागे. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी भरे, आणि काही महिन्यांतच पाळणा रिकामा होई. घरोघर नव्हे, पण दर गावात अशी दोन-चार घरे असत.

आज आपल्या सुनांना हे शब्द ठाऊक नाहीत. त्यांच्या मुलांना ताप येतो, खोकला येतो, कावीळही होते. पण ‘लिव्हर झालं’ असे कोणी म्हणत नाही. देवीचा रोग गेला तेव्हा त्याचा गाजावाजा झाला. पोलिओसाठी घरोघर थेंब पाजणाऱ्या बाया आल्या. हा रोग मात्र कोणाला न सांगता निघून गेला. तो कोणामुळे गेला, कसा गेला, आणि आपल्या चुलीशी व मांडणीवरच्या भांड्यांशी त्याचा काय संबंध होता, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत मी ही हकीकत लिहावयाचे ठरवले.

मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. इंग्रजी निबंध वाचण्याची माझी पात्रता नाही. माझी भाची पुण्यास परिचारिका आहे. तिने डॉक्टरांचे जुने लेख मिळवून त्यांचा अर्थ मला मराठीत सांगितला, आणि मी तो वहीत उतरवून घेतला. शब्द साधे आहेत, पण साल आणि नावे दोनदा पडताळून घेतली आहेत.

या रोगाला डॉक्टर ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानातील बालकांचे यकृत कठीण होण्याचा रोग. पहिली लेखी नोंद १८८७ सालची, कलकत्त्याच्या सेन नावाच्या डॉक्टरांची. त्यानंतर बंगालपासून पंजाबापर्यंत आणि मद्रासेपासून महाराष्ट्रापर्यंत ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी असेच रोगी पाहिले. रोग बहुधा सहा महिने ते पाच वर्षे या वयात होई, त्यातही एक ते तीन वर्षांच्या मुलांत अधिक. मुलींपेक्षा मुलगे जास्त सापडत. एकाच आईची एकामागून एक मुले त्याने जात. आणि एक गोष्ट डॉक्टरांना फार कोड्यात टाकी. रोग अगदी अन्नान्न करणाऱ्या घरांत विशेष नसे. तो बेताच्या, खाऊनपिऊन सुखी अशा घरांत आढळे. ज्या घरात मुलाला दूध मिळते, तिथेच मूल जाते, हे कसे?

तर्क पुष्कळ झाले. कोणी म्हणाले, आहारात सत्त्व कमी पडते. कोणी म्हणाले, डोळ्यांना न दिसणारा जंतू असावा. कोणी म्हणाले, रक्तातूनच दोष येतो, नाहीतर एका घरात दोन-तीन मुले का जावीत? १९७१ मध्ये म्हैसूरकडील डॉक्टरांनी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे बोट दाखवले. त्या बुरशीचे विष यकृत बिघडवते हे खरेच आहे. पण पेंड न खाणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न उरलाच. जवळजवळ नव्वद वर्षे असे तर्क चालले आणि मुले जात राहिली.

डॉक्टरांना उत्तर सापडत नव्हते, पण गावाला मात्र लगेच सापडे. गावाचे उत्तर म्हणजे आई. माझी एक आत्या वसमतजवळच्या खेड्यात दिलेली होती. घर खातेपिते, दारात गाय, सासूसासरे देवभोळे. तिचे दोन मुलगे पाठोपाठ दीड-दोन वर्षांचे होऊन पोट फुगून गेले. सुई घालून त्यांची तपासणी कोणी केली नव्हती, म्हणून तो रोग हाच असे नाव देण्याचा अधिकार मला नाही. पण लोकांनी जे नाव दिले ते मी लहानपणी या कानांनी ऐकले आहे. तिच्या दुधात दोष आहे, तिची कूस वाईट, तिची नजर लागते. टोकाई गडावर नवस झाले, गंडेदोरे झाले, पोटावर डागही दिले. धाकट्या मुलाच्या वेळी तर सासूने तिला अंगावर पाजूच दिले नाही. गाईचे दूध चरवीत तापवून, त्याच चरवीत झाकून ठेवून, दिवसभर बोंडल्याने पाजले. ती चरवी आमच्याच घरून रुखवतात गेलेली, चांगली जाड पितळेची.

या चरवीवर मी मुद्दाम थांबले आहे. आता पुढची गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

आधी यकृताचे काम समजून घेऊ. आपण खातो त्यातून अगदी थोडे तांबे रोज पोटात जाते, आणि ते लागतेही. रक्त चांगले होण्यास त्याची गरज आहे. आतड्यातून शोषलेले तांबे प्रथम यकृतात येते. यकृत त्याचे हिशेबी कारभारणीप्रमाणे वाटप करते. लागेल तेवढे एका प्रथिनाला बांधून रक्तात सोडते आणि उरलेले पित्तातून आतड्यात टाकून बाहेर घालवते. तान्ह्या मुलात मात्र हे बाहेर घालवण्याचे काम पुरते सुरू झालेले नसते. शिवाय आईच्या पोटात असताना शेवटच्या महिन्यांत मूल तांब्याची शिदोरी यकृतात साठवून घेऊनच जन्माला येते. म्हणजे कोठार आधीच भरलेले आणि मागचा दरवाजा अर्धवट लोटलेला. अशा वेळी समोरून आणखी पोती येऊ लागली तर कोठाराचे काय होईल, हे गृहिणीला सांगावयास नको.

तांबे साठून यकृत बिघडते हे वैद्यकाला आधीपासून माहीत होते. विल्सन नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला एक रोग आहे. त्यात जन्मतःच दोष असल्याने तांबे बाहेर जात नाही आणि यकृत व मेंदू दोन्ही बिघडतात. त्यावर इंग्लंडातील डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामिन नावाचे औषध शोधून दिले. ते तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर काढते. पण हिंदुस्थानातील या बालरोगाचा तांब्याशी संबंध आहे हे ठसठशीतपणे पुढे यावयास १९७८ साल उजाडले.

त्या वर्षी लंडनच्या पोर्टमन, टॅनर, मोवट आणि विल्यम्स या डॉक्टरांनी या मुलांच्या यकृताचे तुकडे ओर्सिन नावाच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पोटावरून बारीक सुई घालून यकृताचा शेवईएवढा तुकडा काढतात, त्याचे पातळ पापुद्रे करून रंगवतात आणि काचेवर ठेवून पाहतात. ओर्सिन हा रंग कशाचा, हे भाचीने सांगितले तेव्हा मला गंमत वाटली. आपण काळ्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याच जातकुळीतल्या खडकांवर वाढणाऱ्या वनस्पतींपासून तो मूळचा काढतात. या रंगाने या मुलांच्या यकृताच्या पेशींत काळपट तपकिरी दाणे दिसले. ते तांबे धरून बसलेल्या प्रथिनाचे होते.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, तांबे प्रत्यक्ष मोजले गेले. ‘लॅन्सेट’ या विलायतेतील नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले, आणि त्या निबंधावर लंडनच्या मंडळींबरोबर पुण्याचे डॉ. आनंद पंडित यांचेही नाव आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील आणि दिल्लीतील संशोधकांच्या दुसऱ्या एका गटानेही तांब्याकडेच बोट दाखवले. निरोगी मुलाच्या वाळवलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये तांबे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. या आजारी मुलांत तेच तांबे पुष्कळदा १००० मायक्रोग्रॅमच्या घरात किंवा त्याहूनही वर भरले. म्हणजे वीसपट!

आता प्रश्न उरला एकच. एवढे तांबे दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात आले कोठून?

या प्रश्नाचा पिच्छा पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाने पुरवला. मुंबईचे के. ई. एम. वेगळे, हे पुण्याचे. याची स्थापना १९१२ ची. डॉ. बानू कोयाजी यांनी आयुष्यभर सांभाळलेले हे रुग्णालय. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो लोकसेवेबद्दल, कारण रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता खेड्यात जाऊन बायांना आरोग्याचे शिक्षण देण्याचा पायंडा त्यांनी घातला. याच रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित हे बालरोगतज्ज्ञ होते. इंग्लंडातून डॉ. स्टुअर्ट टॅनर, जे पुढे शेफील्ड विद्यापीठात बालवैद्यकाचे प्राध्यापक झाले, त्यांच्या जोडीला उभे राहिले.

आधीच्या डॉक्टरांचा भर मूल काय खाते, यावर असे. या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला. मूल जे पिते ते कशात तापवता? कशात ठेवता? भांड्याला कल्हई आहे का? वरचे दूध केव्हा सुरू केले? अंगावरचे का सोडले? हे प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुटणारे नव्हते. त्यांचे उत्तर फक्त मुलाच्या आईकडे होते. ज्या आईला गाव बोल लावत होते, तिलाच प्रथम कोणीतरी साक्षीला बोलावले, आणि तेही दोष देण्यासाठी नव्हे, तर तिला जे ठाऊक आहे ते शिकून घेण्यासाठी. या सर्व हकीकतीत मला सर्वांत मोठी वाटली ती ही गोष्ट.

आयांनी जे सांगितले त्यातून चित्र स्पष्ट झाले. १९८३ मध्ये टॅनर, भावे, पंडित आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, तान्हेपणीच सुरू केलेले गाईम्हशीचे दूध आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवणे व ठेवणे, हे या रोगाचे कारण असावे. नुसते म्हणून ते थांबले नाहीत. आजारी मुलाच्या जोडीला त्याच्यासारखेच एक निरोगी मूल घेऊन दोघांच्याही आयांना तेच प्रश्न विचारले, आणि १९८७ मध्ये ती तुलना प्रसिद्ध केली. आजारी मुलांच्या घरी वरचे दूध फार लवकर सुरू झालेले आणि पितळेतांब्याची भांडी दुधासाठी वापरलेली, असे निरोगी मुलांच्या मानाने कितीतरी अधिक आढळले.

येथे कोणी भगिनी म्हणेल, आमच्या आजीपणजींना का पितळ कळत नव्हते? कळत होते. त्यांच्याजवळ त्यासाठी एक शब्दच होता, ‘कळकणे’. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते. आमटीत चिंच घातली असेल तर ती बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये. ओठाला लावताच जीभ सांगते, हे कळकले, फेकून द्या. म्हणून तर वर्षातून दोनदा कल्हईवाला गल्लीत भाता लावी. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा तुकडा फिरवून, कापसाने पुसून तो आतून चांदीसारखा लखलखीत थर देई. आपल्या बायांचे हे ज्ञान बरोबरच होते. पण ते जिभेचे ज्ञान होते, आणि दूध जिभेला फसवते.

आंबट पदार्थ तांब्याला खातो हे आपण जाणतो. गोड दूध तसे करील असे कोणाला वाटत नाही. पण दुधात केसिन नावाचे जे प्रथिन असते, म्हणजे ज्याचे दही-पनीर बनते ते, त्याला तांब्याची फार ओढ असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. बिनकल्हईच्या पितळेत दूध तापवले आणि तसेच ठेवले की ते भांड्यातले तांबे उचलते, आणि केसिन ते धरून ठेवते. डॉ. ओनील आणि डॉ. टॅनर यांनी भांड्यांतील दुधाचे प्रयोग करून हे १९८९ मध्ये दाखवून दिले. आणि हे दूध मूल तक्रार न करता पिते. गाईच्या दुधात मुळात तांबे अगदीच थोडे असते, आईच्या दुधाहूनही कमी. दोष गाईचाही नव्हता, आईचाही नव्हता. दोष वाटेतल्या भांड्याचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण नेहमी वापरतो. येथे तर तो कळसाच गुन्हेगार निघाला.

आता ते जुने कोडेही सुटते. खाऊनपिऊन सुखी घरातच रोग का? कारण दारात गाय त्यांच्याच, पितळेची भांडी त्यांच्याच घरी. मूल नवसाचे, म्हणून त्याला वरचे दूध लवकर आणि भरपूर. ज्या घरी फुटक्या गाडग्यात नाहीतर जर्मनच्या भगुन्यात शिजे, आणि मूल कामावर गेलेल्या आईच्या अंगावरच वाढे, तिथे हे विष पोचण्यास वाट नव्हती. जेवढी माया अधिक तेवढा घात अधिक, असा हा उफराटा न्याय होता. मायेत खोट नव्हती, पण मायेला माहितीची जोड नव्हती.

कारण सापडले तरी जी मुले आजारी होती त्यांचे काय? उपचाराविना यांतील बहुतेक सारी मुले दगावत. पुण्याच्या डॉक्टरांनी पेनिसिलामिन देऊन पाहिले आणि त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये मांडले. कावीळ उमटण्यापूर्वी जी आली त्यांतील काहींना गुण आला. उशिरा आलेल्यांना वाचवणे कठीणच राहिले. त्यानंतर वाचलेल्या मुलांवर त्यांनी वर्षानुवर्षे नजर ठेवली. १९९६ मध्ये डॉ. आशिष बावडेकर, डॉ. भावे, डॉ. पंडित व सहकाऱ्यांनी लिहिले की, ही मुले वाढली, धडधाकट झाली, आणि काहींचे यकृत तर पुन्हा जवळजवळ निरोग्यासारखे दिसू लागले. औषध पुढे बंद केले तरी रोग परतला नाही. याचा अर्थ फार मोठा आहे. विल्सनच्या रोगात औषध जन्मभर घ्यावे लागते, कारण दोष शरीरातच असतो. येथे बाहेरून येणारे तांबे थांबले की काम झाले.

तरीही हे डॉक्टर हेकेखोर नव्हते, हे सांगितले पाहिजे. पितळेतले दूध पिणाऱ्या सर्वच मुलांना रोग होत नव्हता. मग काही मुलांच्या अंगात जन्मतःच तांबे सहन न होण्याचा धर्म असावा, आणि दोन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणजे रोग होत असावा, असे ते म्हणू लागले. याला दुजोरा मिळाला तो सातासमुद्रापलीकडून. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेस टिरोल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये जुनी दप्तरे तपासून लिहिले की, १९०० ते १९७४ या काळात त्यांच्याकडे १३८ तान्ही मुले अगदी अशाच यकृतरोगाने गेली होती. तिथेही गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवून पाजत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. तिथली माणसे गोरी, धर्म वेगळा, हवा बर्फाची. पण चुलीवरचे भांडे आणि त्यात दूध ओतणारी आई मात्र आपल्यासारखीच. ज्या रोगाला ‘इंडियन’ असे नाव पडले होते, तो फक्त आपला नव्हता.

मग आपल्याकडचा रोग कशाने गेला? पुण्याच्या मंडळींनी १९९२ मध्ये रोग टाळण्याविषयी स्वतंत्र निबंध लिहिला. ज्या घरात एक मूल गेले होते तिथे पाठच्या मुलाला वाचवणे हा पहिला धडा होता. पाठच्याला अंगावर पाजा, दूध पितळेत तापवू नका, एवढाच साधा सल्ला. पण त्याच सुमारास आणखी एक मदत आपोआप आली. गल्लीत बोहारीण आली आणि जुन्या लुगड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागली. घासावयास सोपे, कल्हई नको, मांडणीत चकचकीत दिसते, म्हणून आपण पितळ माळ्यावर टाकले. रोग टाळण्याचा विचार तेव्हा आपल्या मनातही नव्हता. १९९० च्या पुढे रुग्णालयात अशी मुले फार क्वचित येऊ लागली. म्हणजे डॉक्टरांनी कारण शोधले, आणि आपण न कळत का होईना, ते कारण घराबाहेर काढले.

आता मी आत्याकडे पुन्हा वळते, पण गाऱ्हाणे मांडण्यासाठी नव्हे. तिच्या हयातीत हे सारे शोध छापून झाले होते. १९८३ चा निबंध पुण्याच्या डॉक्टरांच्या नावाने विलायतेत छापला गेला, पण परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्याची वार्ता आली नाही. आपला हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला. आत्याला शेवटपर्यंत वाटत राहिले की आपल्याच दुधात काही वाईट होते. शोध लागणे आणि तो ज्या बाईला हवा तिच्यापर्यंत पोचणे, यांत पुणे ते कुरुंदा एवढे अंतर नसते. पुष्कळदा त्याहून फार मोठे असते. हे अंतर कमी करावयाचे काम कोणाचे? सरकारचे आहे, डॉक्टरांचे आहे, आशाताईंचे आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्या मंडळाचेही आहे.

हे मी आजच का सांगते, तर पितळ पुन्हा माळ्यावरून खाली येत आहे. मोबाइलवर रोज कोणीतरी सांगते, पितळेत शिजवा, तांब्यात प्या, आरोग्य मिळवा. नांदेडच्या दुकानांत जड पितळी पातेल्यांना मोठा भाव आला आहे. माझे पितळेशी वैर नाही. कल्हई केलेल्या पितळेत भाजी-वरण शिजवणे ही आपली जुनी रीत आहे. मोठ्या माणसाने तांब्याच्या कळशीतले पाणी प्यावे की न प्यावे हा वेगळा विषय आहे. पण कल्हईवाला आता गल्लीत येत नाही, आणि नव्या सुनेला कळकणे हा शब्द माहीत नाही. पितळ परत आले आणि पितळेचे शहाणपण मात्र परत आले नाही, असे होऊ नये. तान्ह्या मुलाचे दूध, खीर, पेज, यांतले काहीही बिनकल्हईच्या पितळेत वा तांब्यात तापवू नये, ठेवू नये, पाजू नये. पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय वरचे दूधच काय, पाणीसुद्धा नको, असे सारे डॉक्टर आता एकमुखाने सांगतात. बारशाला पितळी वाटी-चमचा भेट आला तर तो जपून ठेवावा, मुलाच्या तोंडी लावू नये.

एक शेवटची गोष्ट. डॉ. भावे, डॉ. बावडेकर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे २००४ मध्ये देशातील बालरोगतज्ज्ञांसाठी मुलांच्या लठ्ठपणाविषयी मार्गदर्शन लिहिले. म्हणजे ज्यांनी काटकुळ्या हातापायांच्या मुलांसाठी तारुण्य घालवले, त्यांनाच पुढे फुगलेल्या मुलांची काळजी करावी लागली. यकृताचे काम तेच आहे, पोटात येईल त्याचा हिशेब लावणे. पूर्वी त्याच्यावर तांब्याचा भार पडला. आता साखर, गोड पेये आणि पुडीतल्या तळलेल्या खाऊने चरबीचा भार पडत आहे, आणि लहान मुलांच्या यकृतातही चरबी साठलेली सापडू लागली आहे. उद्या कोणी डॉक्टर पुन्हा आपल्या दारी येऊन विचारतील, मुलाला काय देता, केव्हा देता, किती देता? तेव्हा आपण लाजू नये आणि लपवूही नये. आपल्या स्वयंपाकघरातली साधी उत्तरे कोणाच्या तरी मुलाचा जीव वाचवू शकतात. १९८३ मध्ये ती वाचवू लागली होती.

ज्या अनाम आयांनी आपल्या गेलेल्या मुलाचे दुःख बाजूस ठेवून पुण्याच्या त्या डॉक्टरांना चरवीची, कल्हईची आणि बोंडल्याची खरी हकीकत सांगितली, त्यांची नावे कोणत्याही निबंधावर नाहीत. आपल्या स्मरणिकेच्या या पानावर त्यांना माझा नमस्कार असो.